नाव ठेवणारी

११ जानेवारी

चिमटी,

'माननीय विभागप्रमुख, पतंग विभाग' असा मायना घालून तू पाठवलेला अर्ज माझ्या टेबलावर येऊन पडलाय. मी निवृत्त झाले हे तुला ठाऊक आहे. नवा विभागप्रमुख भुंगेऱ्यांवर काम करतो, पतंगांतलं त्याला ओ की ठो कळत नाही आणि मला तो टरकून असतो, हेही तुला कुणीतरी कळवलं असणारच. तेव्हा अर्ज शेवटी कुणाच्या हातात पडणार हे जाणूनच तू लिहिलास. सासूला लिहायला हात धजला नाही, म्हणून साहेबाला लिहिलंस.

तुला दोन गोष्टी हव्यात. एक, जुन्या जातीचा मूळ नमुना, म्हणजे ज्या एका पतंगावरून त्या जातीचं पहिलं वर्णन झालं तो. दुसरी, तुमच्या शेवटच्या फेरीची पेटी. 'शेवटच्या फेरीची' हे शब्द माझे. तू 'दलदलीच्या काठची पेटी' असं लिहिलंयस. काय सोज्वळपणा! त्या फेरीहून तुम्ही दोघं परत येत होता, गाडी तू चालवत होतीस, रस्त्यात दिवे नसलेला ट्रक उभा होता आणि माझा मुलगा मेला. तुझं खांद्याजवळचं हाड मोडलं, ते जुळलं. पेटीला ओरखडाही आला नाही.

त्या पेटीत एक नवी जात आहे असं तुझं म्हणणं. आणि तिला नवऱ्याचं नाव द्यायचं म्हणतेस. कुठल्या नवऱ्याचं, ते स्पष्ट लिहीत जा. सध्याचा तुझा दातांचा डॉक्टर आहे ना? त्याच्या नावाला पतंग कशाला, एखादी कीडच शोभेल.

पेटी मी अजून उघडलेली नाही. तू नोकरी सोडताना जिथे ठेवलीस तिथेच आहे, तळाच्या खणात. पाठवायची की नाही ते बघून ठरवीन.

२९ जानेवारी

चिमटी,

पेटी उघडली. डांबरगोळ्यांचा वास अजून टिकून आहे. झाकण घट्ट बसवण्यात तुझा हात कुणी धरणार नाही.

सगळे पतंग तसेच आहेत, नखावर दोन मावतील एवढे, मातकट तपकिरी, पुढच्या पंखावर एक तिरकी पांढरी रेघ. जुनी जातही हुबेहूब अशीच. घरात कुणी पाहुणा आला की मी त्याच्यापुढे अशीच पेटी ठेवायचे आणि तो म्हणायचा, "सगळे सारखेच तर आहेत!" पाहुण्यांचं ठीक आहे. माझा मुलगाही तेच म्हणायचा. तो शाळेत जायला लागला तेव्हापासून मी जेवायच्या वेळी त्याच्यासमोर दोन पतंग ठेवायचे आणि विचारायचे, "एक की दोन?" म्हणजे एकाच जातीचे की दोन वेगळ्या जातींचे. बरोबर सांगितलं की जेवायचं. तो ताटाकडे बघायचा, पतंगांकडे बघायचा आणि काहीतरी ठोकून द्यायचा. चुकायचाच. जेवण थंडगार व्हायचं. पुढे लिफ्ट दुरुस्त करायला लागला. मी म्हटलं, बरं झालं, तिथे वर आणि खाली एवढाच फरक कळावा लागतो.

तुला मी सून करून घेतली ती घरात एक तरी डोळस माणूस असावं म्हणून. तुझ्या हातातली चिमटी बघूनच मी तुझं नाव पाडलं होतं. बारा वर्षं पतंग हाताळणाऱ्यांचेही हात थरथरतात, तुझा पहिल्या दिवशीही थरथरला नाही.

असो. पेटीत एकच नर आहे. बाकी माद्या. त्या नराचा डावा पंख घासलेला, खवले उडालेले, टाचणी वाकडी, पंख ओढूनताणून कसेतरी पसरलेले. हे तुझं काम वाटतच नाही. लेबलावर मात्र तुझीच आद्याक्षरं. माझ्याकडे शिकलेल्या मुलीनं इतकं गचाळ काम करावं? कसली घाई होती?

नमुने टपालानं पाठवणं काही मला पटत नाही, मोडतात. मीच चिरून बघते. तू तेव्हा काढलेली चित्रं आणि टिपणं पाठवून दे, ताडून बघता येईल. तुझ्यासारखी चित्रं मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाहीत. तोंडावर हे कधी म्हटलं नाही, आता लांबून म्हणायला हरकत नाही.

२० फेब्रुवारी

चिमटी,

चित्रं पोचली. सुरेख आहेत, पण चुकीची आहेत.

नराच्या पोटाचं टोक मऊ करायला पोटॅशमध्ये उकळलं, सुईनं सोडवलं आणि काचेवर घेऊन पाहिलं. मादीला धरायला नराला दोन पाकळ्या असतात, त्यांच्या आतल्या कडेला जुन्या जातीत एक काटा असतो. तुझ्या नरालाही एकच आहे. तू दोन दाखवलेस. तो दुसरा काटा नव्हे पोरी, ती कातडीची घडी आहे. न चिरता, नुसते खवले झाडून चित्र काढलं की असं होतं. म्हणजे जात जुनीच. नवं काही नाही.

वाईट वाटून घेऊ नकोस. दुःखात माणसाला जे हवं ते दिसतं. लेख तेवढा मागे ठेव, उगाच हसं होईल. नव्या ठिकाणी तुझी नोकरी अजून पक्की झालेली नाही म्हणे.

पेटीची नोंद पुरी करून ठेवावी म्हणते. तेव्हा एवढं कळव: दिव्यावर येणारे पतंग बसायला पांढरा पडदा नेमका कुठे बांधला होता, पाण्यापासून किती अंतरावर, आसपास कुठकुठली झाडंझुडपं होती, वारा होता का, आणि नर आला तो माद्यांच्या आधी की नंतर. लवकर कळवलंस तर बरं. मी विसरभोळी होत चालले आहे.

संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावरचे पेंढेकाका तुझी चौकशी करत होते. अजून प्राण्यांत पेंढा भरतात आणि अजून तुझं कौतुक सांगतात. म्हटलं, मजेत आहे ती, दात उत्तम आहेत.

१४ एप्रिल

चिमटी,

सोबत आपल्या संस्थेच्या नियतकालिकातला माझा लेख जोडला आहे. कालच छापून आला. सावकाश वाच.

दोन काटे आहेत. स्वच्छ, ठसठशीत, पहिल्याच नजरेत दिसले. तुझं चित्र तंतोतंत बरोबर होतं. जात नवी आहे आणि ती आता माझी आहे. त्या गचाळ टोचलेल्या नरालाच मूळ नमुना केलं, दुसरा नर होता कुठे? झाडं, वारा, पडदा, सगळं तू कळवलंस तसंच घातलंय. शेवटी बारीक अक्षरात तुझे आभारही मानलेत. सभ्य माणसं दुसऱ्याचा शोध असा आपल्या नावावर छापत नाहीत म्हणे. मला सभ्यपणाचा कंटाळा आलाय.

नाव बघितलंस? पर्फिडा. लॅटिन तुला मीच शिकवलं, तरी सांगते: दगा देणारी. लेखात कारण लिहिलंय, 'जुन्या जातीशी असलेल्या फसव्या साम्यामुळे'. खरं कारण लेखात लिहायची सोय नव्हती. माझ्या मुलाची राख थंड होते न होते तोच तू दुसऱ्याच्या घरात पडदे लावत होतीस. आणि वर त्याचं नाव एका पतंगाला चिकटवून मोकळी होणार होतीस? त्याच्या नावानं शोध तुझा, लेख तुझा, नोकरी पक्की तुझी.

नियम तुला पाठ आहे. जे नाव आधी छापून येतं तेच राहतं. तू बदलू शकत नाहीस, संपादक बदलू शकत नाही, मीसुद्धा बदलू शकत नाही. आपण सगळे मेल्यावर कुणी ही पेटी उघडेल तेव्हाही त्याला हेच नाव लिहावं लागेल.

पेंढेकाका लेख घेऊन खाली आले होते.

"बाई, पोरीनं विश्वासानं तुम्हाला सगळं लिहून पाठवलं होतं."

"मग?"

"मग काय? हे बरं नाही केलंत. आयुष्यभर तिला नावं ठेवलीत, तेवढं पुरलं नाही?"

"आता एकच ठेवलंय," मी म्हटलं, "आणि ते कायमचं."

त्यांनी लेख टेबलावर ठेवला आणि एका कोल्ह्याचे काचेचे डोळे बसवायचे राहिलेत म्हणून निघून गेले. आजकाल भित्री माणसं सगळी कामाची सबब सांगतात.

मुलाला स्मशानात पोचवून आलो त्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, हिच्या हातून आजवर एक नमुना मोडला नाही, मोडला तो माझा मुलगा. तू खाली मान घालून उभी होतीस, एक अक्षर बोलली नाहीस. आजही बोलू नकोस. लेख फायलीला लाव.

६ मे

तुझं पत्र मिळालं. तू ते विसरली नसशीलच, तरी तुझंच तुला वाचून दाखवते, म्हणजे काय लिहून बसलीस ते कळेल.

'आई, अभिनंदन. दुसरा काटा तुम्हाला लगेच दिसला असणार. आसपासची झाडं विचारलीत तेव्हाच तुम्ही काय करताय ते मला कळलं. म्हणून सगळं नीट लिहून पाठवलं, एकही झाड वगळलं नाही.

'त्या नराबद्दल सांगायचं राहिलं होतं. तो मी नाही पकडला, तुमच्या मुलानं पकडला. पडद्यावरून, काचेच्या नळीत, आयुष्यात पहिल्यांदा. मी मारायच्या बाटलीत टाकायला निघाले तर म्हणाला, नको, जिवंतच आईकडे नेऊ. एक की दोन ते मी सांगतो तिला, चुकलं तर चुकलं. गाडी नेहमी तो चालवायचा. त्या दिवशी त्याला नळी हातात धरून बसायचं होतं, हिंदकळून पतंगाचे खवले जाऊ नयेत म्हणून. मला म्हणाला, तू चालव.

'नळी फुटली नाही. त्याच्या मुठीत होती. दवाखान्यात त्याच्या घड्याळाबरोबर माझ्या हातात दिली. पतंग आत फडफडून मेला होता. माझा एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातानं मी तो टोचला. काम गचाळ झालं, खरं आहे तुमचं. लेबलावर त्याचं नाव लिहायला घेतलं आणि लिहवेना, म्हणून माझं लिहिलं.

'आता त्याचं नाव पर्फिडा. नाव बदलता येत नाही, हे तुम्हीच शिकवलंत.'

हे तुझं पत्र. आता माझं ऐक.

तू हे जानेवारीत सांगू शकली असतीस. फेब्रुवारीत, मी झाडं विचारली तेव्हा, एक ओळ खरडली असतीस तर मी हात आवरला असता. तू तोंड मिटून बसलीस. मला माझ्या मुलाच्या हातातून आलेला पतंग चिरू दिलास, उकळू दिलास, मला हवं ते नाव ठेवू दिलंस आणि ते छापून, टपालात पडून, सगळीकडे पोचेपर्यंत थांबलीस. मग लिहिलंस, अभिनंदन.

मी इतक्या मुली शिकवल्या. इतक्या थंड हाताची दुसरी निघाली नाही.

की हे सगळं रचलंयस? घासलेल्या पंखाचं मीच तुला लिहिलं होतं. वाकड्या टाचणीचंही. त्यावरून गोष्ट रचायला तुझ्यासारखीला कितीसा वेळ लागतो! खोटं आहे हे. आयुष्यात त्यानं कधी पतंगाला हात लावला नाही. त्याला किळस यायची.

खोटं आहे.

२ जून

चिमटी,

तू उत्तर दिलं नाहीस. दिलं असतंस तर मी फाडलं असतं. तरी द्यायचं होतंस.

संपादकाला फोन केला. तुला हसू येईल म्हणून सगळं सांगते, हस.

"नाव मागे घ्यायचंय," मी म्हटलं.

"बाई, असं कसं मागे घेता येईल? समितीत बसून तुम्हीच तर आम्हाला हा नियम समजावलात."

"काहीतरी वाट असेल."

"शुद्धलेखनाची चूक असेल तर दुरुस्त करता येते," तो म्हणाला. "आहे का चूक?"

"नाही. शुद्ध लिहिलंय."

 फोन ठेवताना म्हणाला, प्रकृतीला जपा.

त्यातून भुंगेरेवाल्या विभागप्रमुखाला हुक्की आली. मला खूश करायला त्यानं तो नर खालच्या मोठ्या दालनात मांडलाय, वर भिंग, खाली पाटी. पाटीवर पर्फिडा, त्याखाली मोठ्या अक्षरात अर्थ, त्याखाली माझं नाव. मी म्हटलं, काढ ते. म्हणाला, "असं काय बाई, तुमचाच मान आहे." आयुष्यात पहिल्यांदा तो मला घाबरला नाही. मी बोलता बोलता खुर्चीत बसले, त्यामुळे असेल.

रोज दालन उघडायच्या आधी जाऊन मी तो पंख बघते. बाहेरच्या कडेचे खवले गेलेत, मुळाजवळचे शाबूत आहेत. नळीत फडफडलेल्या पतंगाचे असेच जातात. पण एका हातानं, घाईनं, दिवा नीट नसताना टोचलेल्याचेही असेच जातात. भिंगाखाली दोन्ही सारखंच दिसतं. मी तासन् तास बघितलं. मला सांगता येत नाही.

तेव्हा विचारते. तू म्हणतेस तसं घडलं असेल तर हे तुला माहीत असणार. त्यानं नळी लावली तेव्हा पतंग पहिल्या झटक्यात आत गेला, की निसटून पुन्हा पडद्यावर बसला? तो हसला का? मला काय सांगणार होता, एक की दोन? गाडीत काही बोलत होता की नुसता नळीकडे बघत होता?

एवढंच कळव. लग्नाबद्दल मी यापुढे काही लिहिणार नाही.

९ जुलै

चिमटी,

तुझं कार्ड आलं. 'आठवत नाही.' बस्स. सहीसुद्धा नाही.

आधी वाटलं, चूल पेटवावी त्यावर. मग ते घेऊन वर गेले. पेंढेकाका एका करकोच्याच्या पोटाला टाके घालत होते. त्यांना कार्ड दाखवलं, तुझं आधीचं पत्रही दाखवलं. त्यांनी हात पुसून दोन्ही वाचलं.

"तुम्हाला काय वाटतं? खरं असेल?" मी विचारलं.

"ती खोटं बोलणारी नव्हती कधी."

"मग आता आठवत नाही कसं म्हणते? हे तरी खोटंच ना?"

"बाई, पोरगा गेला, हे खरं आहे," ते म्हणाले. "त्यापुढे आणखी काय शोधताय?"

आणि पुन्हा टाके घालू लागले. मी तिथेच उभी राहिले. त्यांनी बसा म्हटलं नाही.

तू मुद्दामच लिहिलंयस, हे मला कळतं. एवढं सगळं लख्ख आठवतं, घड्याळ आठवतं, मूठ आठवते, आणि तो हसला का, तेवढंच नेमकं आठवत नाही? तुला जे द्यायचं नव्हतं ते तू दिलं नाहीस. त्याच्या जागी मी असते तर मीही दिलं नसतं. तुझ्या जागी म्हणायचं होतं मला.

भुंगेरेवाला नवा दौरा काढतोय, दलदलीकडे. मला म्हणाला, बाई, येता का, गाडी आहे. मी नाही म्हटलं. हल्ली घरीच असते. टेबलावर काही नसतं. जेवायला बसते, जेवण तसंच राहतं आणि उठते.

मला काही सिद्ध करायचं नाही आता. तू ते पहिल्यापासून पुन्हा एकदा लिही. पडदा कुठे बांधलात, तो आधी कुठे उभा होता, नळी त्याला तू दिलीस की त्यानं मागून घेतली. गाडीत काय काय बोलला. मला द्यायला निघाला होता तर माझ्याबद्दल काय म्हणाला. वाईट म्हणाला असेल तर वाईट लिही.

आठवत नसेल तर रचून लिही. खोटं असलं तरी चालेल, पण सविस्तर लिही.